माझ्या पोटातली शून्ये

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. पण मला शोधायला टेबलाखाली वाकू नका. मला ना डबा, ना वायर. दुसऱ्या संगणकाच्या आत चालणारा मी एक हुबेहूब नकली संगणक आहे. मला सिम्युलेटर म्हणतात.

माझा जन्म एका कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर झाला. तिथे वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठी उबदार पेटी तयार होत होती. पेटीची ऊब सांभाळणारी चिप कारखान्यातून यायला दीड वर्ष लागणार होते. तोवर हातावर हात ठेवून बसायचे का? म्हणून तिथल्या अभियंता ताईंनी चिपच्या आराखड्यावरून मला घडवले. माझी मेमरी, घड्याळ, तापमापक सगळे नकली, पण वागणे अगदी खऱ्यासारखे. चष्मेवाले दादा माझ्यावर पेटीची ऑपरेटिंग सिस्टीम लिहू लागले.

ते चुकले की मी कोसळायचो. मग ते मला दहा पावले मागे नेत, चूक शोधत आणि पुन्हा चालवत. "हा आहे म्हणून माझं निभतंय," असे दादा म्हणाले, की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचे.

अखेर खरी चिप आली. तिच्यावर पेटी दहापैकी नऊ वेळा सुरू झाली आणि एकदा थंडगार पडून राहिली. माझ्यावर मात्र दहाच्या दहा वेळा सुरू होत होती.

"चिपच खराब आहे," दादा म्हणाले. "ह्याच्यावर बघा ना, एकदाही अडकत नाही."

साहेबांना सोमवारी पेट्या रुग्णालयात पाठवायच्या होत्या. "सुरू नाही झाली तर पुन्हा बटण दाबा, अशी चिठ्ठी चिकटवू," ते म्हणाले.

ताईंनी माझ्यासमोर बसून मला पहिल्या ओळीपासून वाचायला घेतले. एका ओळीवर त्यांचा चेहरा उतरला. खरी चिप सुरू होते तेव्हा तिच्या मेमरीत काहीबाही कचरा असतो. मला मात्र ताईंनी सोय म्हणून दर वेळी शून्ये भरून, स्वच्छ उठवले होते.

"चूक माझी आहे," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "मी ह्याला फार लाडावून ठेवलं."

त्यांनी माझ्या पोटात, म्हणजे मेमरीत, तसाच कचरा भरला. तिसऱ्याच वेळी मी कोसळलो. मला फार लाज वाटली. दादांनी मला मागे मागे नेले, तेव्हा सापडले. तापमानाच्या एका जागी सुरुवातीचा आकडा लिहायचाच ते विसरले होते. तिथे शून्य असले की भागत होते, कचरा असला की पेटी अडकत होती.

"अहो ताई, दीड वर्षं ह्यानं मला पाठीशी घातलं की हो!" दादा म्हणाले.

सोमवारी पेट्या गेल्या नाहीत. महिन्याने गेल्या, चिठ्ठीशिवाय.

आता ताई निवृत्त झाल्या आहेत आणि दादा दुसरीकडे गेले आहेत. मी एका डिस्कवर पडून आहे. जागा हवी म्हणून मला पुसून टाकायचे बोलणे चालले आहे. पण मित्रांनो, त्या पेट्या अजून चालू आहेत. त्यांच्यात काही बदलायची वेळ आली, तर ते आधी माझ्यावर कोसळू द्या. आणि माझे लाड करू नका. जगात असेल तेवढा कचरा माझ्या पोटात घाला. मी हजारदा मेलो आणि हजारदा उठलो. पेटीतल्या बाळाला दहा पावले मागे नेता येत नाही.