ताहोनालची फुलं आणि माझ्या पोटातलं घर

मित्रांनो, मला लांबून पाहिलंत तर चुलीसाठी ठेवलेलं जळण समजाल. एक पाहुणा तर चक्क माझ्यावर बसायला निघाला होता. तो अपमान मी अजून विसरलेलो नाही. मी एक जुना, आतून पोकळ ओंडका आहे आणि माझ्या पोटात मधमाश्यांचं घर आहे.

युकातानच्या रानातलं आमचं गाव. वादळात पडलेल्या झाडातून माझ्या धन्याने, आन्सेल्मोने, मला कापून आणलं. त्याने मला आतून कोरलं, दोन्ही टोकांना लाकडी झाकणं बसवून ती मातीने लिंपली आणि मधोमध एक बारीक भोक पाडलं. त्या भोकावर त्याने क्रूस कोरला. तो जरा वाकडा झाला, पण मला शोभतो. मग झावळ्यांच्या छपराखाली, इतर ओंडक्यांच्या रांगेत त्याने मला ठेवलं.

माझ्या माश्या डंख मारत नाहीत. त्यांचा मध पातळ आणि किंचित आंबट असतो. गावात मूल जन्मलं की बाळंतिणीसाठी लोक त्याच मधाची वाटी मागायला येत, आणि तेव्हा मी मोठ्या ऐटीत असे. आन्सेल्मो रोज सकाळी बोटाच्या पेराने माझ्या पाठीवर टकटक करी आणि कान लावी. भरलेल्या ओंडक्याचा आवाज जड येतो, रिकाम्याचा पोकळ येतो.

पुढे दिवस बदलले. रान तोडून गुरांसाठी कुरणं झाली. रस्त्याच्या कडेचं तण लोक औषध मारून जाळू लागले. त्या तणातच ताहोनाल असे. ताहोनाल म्हणजे उंच वाढणारं रानझुडूप. पाऊस सरल्यावर, थंडीत ते पिवळ्या फुलांनी भरून जातं आणि माझ्या माश्या त्याच्याच जिवावर वर्ष काढतात. फुलं गेली तसे शेजारचे ओंडके एकेक करून मुके झाले. आन्सेल्मोही वारला. त्याची बायको फिदेलिया मात्र रोज टकटक करत राहिली. शेवटी जिवंत घर उरलं ते माझ्या एकट्याच्या पोटात, आणि माझाही आवाज हलका होत चालला होता. येत्या थंडीत फुलं मिळाली नसती तर आन्सेल्मोने जपलेल्या माश्यांचा वंश माझ्यापाशीच संपला असता. मला फार भीती वाटत होती.

फिदेलियाने माझा मध काढणं बंद केलं. दफनभूमीच्या मागच्या भिंतीशी कोणी तण कापत नाही. तिथे तिला वाळलेला ताहोनाल सापडला. त्याचं बी तिने ओच्यात झाडून आणलं आणि पावसाच्या तोंडावर अंगणभर फेकलं.

शेजारची रुफिना दगडी कुंपणावरून बघत होती. "काय गं, कोंबड्यांना दाणे टाकतेस? कोंबड्या तर दिसत नाहीत."

"आन्सेल्मोच्या पोरींसाठी टाकतेय," फिदेलिया म्हणाली.

"त्याला पोरी कधी झाल्या? मला कळू दिलं नाहीस ते."

बी रुजलं. पाऊस संपत आला तेव्हा रोपं कमरेला लागली होती. पण फुलं नसताना ताहोनाल म्हणजे निव्वळ तणच दिसतं. त्यात वाघ लपला तरी कळायचं नाही, असं रुफिना येताजाता ऐकवी.

अशातच वारलेल्या माणसांचे दिवस आले. त्या दिवसांत ती घरी जेवायला येतात. घर-अंगण झाडलेलं नसलं तर ती बिचारी जेवण सोडून स्वतःच कामाला लागतात, असं इथे सगळे मानतात. म्हणून फिदेलिया मका दळायला गिरणीवर गेली तशी तिची सून नेल्सी वाकडा कोयता घेऊन अंगणात उतरली. मनाने फार चांगली मुलगी. तिने मन लावून तण कापायला घेतलं. माझ्यासमोर ताहोनाल आडवा पडत होता आणि मला ओरडताही येत नव्हतं. फिदेलिया परत आली तेव्हा अर्धं अंगण साफ झालं होतं.

तिने हातातली पिठाची बादली खाली टेकवली. "थांब, नेल्सी."

"उरलेलं आत्ता होईल, आई."

"कापू नकोस गं. ते या माश्यांचं जेवण आहे. मीच पेरलंय."

नेल्सीचा चेहरा उतरला. "आधी सांगायचं ना हो. पण आई, आज मामंजी येणार. हे असं रान बघून ते रात्रभर तण काढत बसतील. दमून उपाशी परत जातील."

"माश्या मेल्या तर काय तोंड दाखवू त्याला?"

नेल्सीने कोयता माझ्याच अंगाला टेकवून ठेवला. "मग त्यांनाच ठरवू दे," ती म्हणाली.

संध्याकाळी आन्सेल्मोसाठी मेज मांडलं. केळीच्या पानात गुंडाळून खड्ड्यात भाजलेला मक्याचा पिब, चॉकलेटचा पेला आणि मेणबत्ती. कोयत्याचं थंड पातं रात्रभर माझ्या कुशीला लागून होतं. मी जागाच होतो.

सकाळी नेल्सी आधी माझ्याकडे धावली. कोयता जागच्या जागी होता आणि त्याच्यावर दव साचलं होतं. उरलेल्या ताहोनालची एक काडीही हललेली नव्हती.

"आई, मामंजींनी हात लावला नाही!"

"तो कशाला लावतोय? आळशीच होता," फिदेलिया म्हणाली आणि पदराने डोळे पुसू लागली.

थंडीत ते अर्धं अंगण पिवळंधमक झालं. माझ्या माश्या पहाटे जायच्या त्या पाय परागाने माखून परतायच्या. पोटात पुन्हा गुणगुण वाढली. एके दिवशी माझ्या पाठीवर टकटक झाली. बोट ओळखीचं नव्हतं. नेल्सी कान लावून ऐकत होती. पुढे बी वाळलं तेव्हा ओचा भरून तिनेच ते झाडून घेतलं, आणि थोडं रुफिनाच्या कुंपणापलीकडेही फेकलं.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालोय. एका टोकाला मला चीरही गेली आहे. मला तुमच्याकडून तेल नको, रंग नको. तुमच्या दारात, कुंपणाशी, शाळेच्या भिंतीलगत रानफुलांचं मूठभर बी तेवढं टाका. आणि तण म्हणून कोयता उचलाल तेव्हा क्षणभर थांबून विचारा, हे कोणाचं जेवण आहे.