कमरेएवढा चर

"चर कमरेपेक्षा खोल गेला की आत माणूस उतरवायचा नाही," गुरुजींनी खोदाईचं मशीन बंद करून तिसऱ्यांदा सांगितलं. "उतरवायचाच असेल तर दोन्ही बाजू उतरत्या कापायच्या, नाहीतर फळ्या लावून टेकू द्यायचा. आणि उपसलेली माती काठापासून लांब टाकायची. तिच्याच वजनानं काठ खाली बसतो."

घरमालकांनी मान डोलावली, पण त्यांचं लक्ष हातातल्या फोनवर होतं. दोन दिवस बसून आपण सगळे व्हिडिओ पाहिलेत, एवढं काही अवघड नाही, असं ते म्हणाले आणि सूचनांचा कागद न वाचताच त्यांनी सही ठोकली.

गुरुजी हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. अवजारं भाड्यानं देणाऱ्या एका दुकानात ते कामाला होते. तीस वर्षं मोठमोठी खोदाई यंत्रं चालवून गुडघे निकामी झाले, तेव्हा शेठनी त्यांच्याकडे हे हलकं काम दिलं. अंगणात मावेल एवढं छोटं मशीन ट्रेलरवर घालून लोकांच्या घरी पोचवायचं, अर्धा तास चालवायला शिकवायचं, सूचना समजल्याची सही घ्यायची आणि संध्याकाळी मशीन परत आणायचं. दुकानातल्या पोरांनी चेष्टेनं 'गुरुजी' म्हणायला सुरुवात केली. त्यांनी मात्र ते नाव मनावर घेतलं. कुणी ऐको न ऐको, ते प्रत्येक घरी तेवढ्याच तळमळीनं तेच सांगत.

त्या दिवशी मात्र एक जण कान देऊन ऐकत होता. चाळिशीतला एक माळी, अकरा वर्षं त्या घरची बाग सांभाळणारा. तो फावड्यावर रेलून उभा होता. गुरुजी निघाले तेव्हा त्यानं कमरेला हात लावून विचारलं, "म्हणजे इथपर्यंतच ना?" गुरुजी हो म्हणाले.

मागच्या न्हाणीघराचं पाणी पुढच्या गटाराला नेण्यासाठी पाइप टाकायचा होता. उतार मिळायला हवा, म्हणजे पुढच्या टोकाला चर बराच खोल जाणार. गाडी चालवताना हीच गोष्ट गुरुजींच्या डोक्यात घोळत राहिली. दुसऱ्या घरचं काम आटोपल्यावर जेवायला न थांबता त्यांनी वाट वाकडी केली आणि पुन्हा त्या फाटकाशी आले.

बागेत मशीन उभं होतं आणि शेजारी घरमालक. माळी दिसेना. जवळ गेल्यावर चरातून त्याचं डोकं तेवढं वर आलेलं दिसलं. दोन्ही काठ भिंतीसारखे सरळ कापलेले. माती अगदी काठालगत, ढीगच्या ढीग.

गुरुजींनी त्याला आधी वर यायला सांगितलं. माळ्यानं घरमालकांकडे पाहिलं. ते म्हणाले, पाइपचे दोनच तुकडे राहिलेत, पाच मिनिटांचं काम आहे. गुरुजींचा आवाज चढला. कागदावर सही केलीत, सकाळी तीनदा सांगितलं, शिकलेसवरलेले आहात, असं बरंच काही ते बोलले. घरमालकांचा चेहरा लाल झाला.

"मशीन तुमचं असेल," ते म्हणाले, "अंगण माझं आहे."

दोघांच्या मध्ये सापडलेला माळी ओशाळला. काम उरकलं की वाद मिटेल असं त्याला वाटलं असावं. पुढचा जोड बसवायला तो खाली वाकला आणि काठ सुटला. पोतं रिकामं करावं तेवढाच आवाज झाला. माळी हनुवटीपर्यंत मातीत गेला. डोळे उघडे होते, श्वास तुटक.

घरमालक धावले ते थेट मशीनच्या सीटवर. गुरुजींनी हात घालून चावी काढली आणि खिशात टाकली. "बकेटनं माणूस काढत नसतात," ते म्हणाले. "फळ्या आणा. आणि फोन करा."

फळ्या आणल्या त्या घरमालकीण बाईंनी. पलंगाच्या फळ्या एकटीनं ओढत आणल्या. गुरुजींनी त्या दुसऱ्या काठाला टेकू म्हणून लावल्या, एक आडवी टाकून तिच्यावर पोटावर झोपले आणि माळ्याच्या छातीवरची माती हातांनी ओरबाडू लागले. फावडं लागलं असतं त्याला. बाई शेजारी गुडघ्यांवर बसून ती माती पातेल्यानं मागे सारत होत्या. घरमालक फोन कानाला लावून फेऱ्या मारत होते. अग्निशामक दल येईपर्यंत छाती मोकळी झाली होती. कमरेखालचा भाग दलाच्या जवानांनी सोडवला.

माळी वाचला. कमरेचं हाड मोडलं होतं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात घरमालक पोलीस अंमलदाराला सांगत होते, मी नको नको म्हणत होतो, तो आपणहून उतरला. गुरुजींच्या बोटांना तेव्हा पट्ट्या बांधत होते. शेठ सही केलेला कागद घेऊन आले. सूचना दिल्याची सही आहे, म्हणजे आपण सुटलो, असं ते समाधानानं म्हणाले. मग हळूच म्हणाले की दुपारी तुम्ही परत गेला होतात हे मात्र बोलू नका. डोळ्यांनी पाहून मशीन का नाही थांबवलं, असं विचारतील.

गुरुजींच्या अंगाची लाही लाही झाली. घरमालक सुटले, दुकान सुटलं. आत निजलेल्या माणसाचं काय, हे कुणी विचारलं नव्हतं. ते उठून अंमलदारासमोर जाऊन बसले. काठालगतचा ढीग, दोन तुकड्यांची घाई, अंगण कुणाचं, सगळं त्यांनी क्रमानं सांगितलं.

"आणि माझं लिहून घ्या," शेवटी ते म्हणाले. "मी वाद घालत बसलो. आल्या आल्या हात धरून त्याला वर ओढायला हवं होतं."

कोपऱ्यात बाई उभ्या होत्या. नवऱ्याकडे न पाहता त्या म्हणाल्या, "मशीनवाले सांगतायत ते खरं आहे."

चौकशी सुरू झाली, पुढच्या तारखा पडल्या. शेठनी गुरुजींना आता विश्रांती घ्या असं सांगितलं. त्याचा अर्थ गुरुजींना समजला. आठव्या दिवशी ते त्या घरावरून गेले. दुसऱ्या कुठल्या तरी दुकानातून मशीन आणून चर पुरा झाला होता, बुजवलाही होता. वर हिरवळीचे नवे तुकडे अंथरले होते आणि त्यांना पाणी घालायला नवा माळी होता.

तिथून ते दवाखान्यात गेले. माळी काठी घेऊन चालेल, पण जमीन खणणं आता होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्याचं त्याची बायको व्हरांड्यातच बोलली. आत येऊन तिनं कोमट पाण्याचं भांडं खाटेवर ठेवलं आणि नवऱ्याचा हात मांडीवर घेऊन ती काडीनं नखांतली माती काढू लागली.

माळ्यानं गुरुजींच्या पट्ट्या बांधलेल्या बोटांकडे पाहिलं.

"पाइप बसला का हो?" त्यानं विचारलं. "शेवटचा जोड माझ्या हातून सैलच राहिला होता. गळत राहील तो."

"बसला," गुरुजी म्हणाले.

"घट्ट केला?"

"केला."

माळ्यानं मान हलवली आणि दुसरा हात बायकोपुढे केला.