भिंतीवरचं शेवाळ

हॉटेलच्या तळघरातल्या लाँड्रीत वहिनी इस्त्रीवर होती आणि तिची नणंद शेजारच्या टेबलावर चादरींच्या घड्या घालायला. नणंदेचं पहिलंच मूल आठ दिवसांचं होऊन गेलं, तेव्हापासून ती जवळपास मुकीच झाली होती. घास पुढे ठेवला की चिवडायची. डॉक्टरांनी औषधं दिली आणि रोज थोडा वेळ झाडापानांत बसवा म्हणून सांगितलं. आता तळघरात झाडंपानं आणायची कुठून?

वहिनीने शोधून काढलीच. बॉयलरमागच्या, वरून उजेड येणाऱ्या बोळात एक नळ कायम गळायचा. त्याच्या ओलीने भिंतीवर मऊ हिरवं शेवाळ धरलं होतं, फटीफटीतून गवत उगवलं होतं. जेवणाच्या सुट्टीत दोघी तिथे जाऊन बसू लागल्या. मुकादमबाईंनी, गुप्तधन सापडलंय की काय, म्हणून चिडवूनही घेतलं.

आधी नणंद भिंतीकडे पाठ करून बसायची. मग हळूहळू वळली. मग शेवाळावरून बोट फिरवू लागली, बाळाच्या टाळूवरून फिरवावं तितकं जपून. एके दिवशी आपणहून म्हणाली, "वहिनी, किती मऊ आहे गं हे." त्या दिवशी तिने भाजी मागून घेतली. वहिनीला आनंद पोटात ठेववेना. तिने लाँड्रीभर सांगितलं.

सगळ्या बायांचा जन्म डाग काढण्यात गेलेला. पोरीला बसायला जागा तरी धड हवी, असं म्हणत त्या सुट्टीच्या दिवशी मुद्दाम आल्या. गवत उपटलं, नळ दुरुस्त करून घेतला, ब्लीच ओतून भिंत घासली आणि दोन खुर्च्या मांडल्या.

दुसऱ्या दिवशी भिंत पांढरीफटक होती. बाया कौतुकाने दारात उभ्या. भांडायचं तरी कुणाशी? वहिनीने त्यांचे आभार मानले. नणंदेने भिंतीला बोट लावलं, ते हुंगलं, "छान झालंय" म्हणाली आणि आपल्या टेबलाकडे निघून गेली.

वहिनी मागोमाग आली. "पुन्हा धरेल गं शेवाळ. वेळ लागेल, पण येईल."

नणंदेने मान वर केली नाही. "मलाही सगळे हेच सांगतात, वहिनी. पुन्हा होईल म्हणून."

नणंदेने पुढची चादर ओढली. सुट्टी संपत आली, दोघींचे डबे तसेच बंद राहिले.