बठ्ठं बरं शे

"दुखतं का, हिलालभाऊ?" डॉक्टरांनी विचारलं.

"नही साहेब. बठ्ठं बरं शे." सगळं बरं असल्याचं सांगत हिलालने हात जोडले.

धुरपदाबाईचं तोंड कडू झालं. नवरा स्टुलावरून कलंडू नये म्हणून तिनेच त्याला मागून धरलं होतं. तो घामाने निथळत होता.

हिलाल पारोळ्याच्या बाजारातला मापाडी. उभा जन्म कापूस-भुईमूग तोलण्यात गेला. व्यापारी डोळा मारो की शेतकरी पाया पडो, काटा दाखवेल तेच तो बोलला. आता यकृतात कॅन्सर झाला होता आणि त्याला इलाज नव्हता. धुळ्याच्या या डॉक्टरांनी ते लपवलं नाही. बायकांच्या छातीच्या कॅन्सरवरची जुनीच गोळी या आजारात देऊन बघतोय, म्हणाले. जीव वाचणार नाही, पण उरलेले दिवस सुसह्य होतात का ते पाहायचंय. दुखलं तर मात्र सांगा, इंजेक्शन देऊ.

एवढा मोठा माणूस आपल्याला भाऊ म्हणतो, खुर्ची ओढून जवळ बसतो, याचंच हिलालला अप्रूप. पाहुणा म्हणून जेवायला बसल्यावर भाजी अळणी आहे असं कुणी सांगतं का? तसा तो दर खेपेला बरं शे म्हणायचा आणि घरी रात्रभर टॉवेल चावायचा. धुरपदाबाई सांगून सांगून थकली. "त्यास्नी दिधेल गोळी शे, वाईट कसं सांगू?" हे त्याचं उत्तर. तिला त्या जोडलेल्या हातांची शिसारी येऊ लागली होती, आणि शिसारी येते म्हणून स्वतःचीही.

"म्हणजे गोळी लागू पडतेय," डॉक्टर खुशीत म्हणाले आणि लिहू लागले.

तिला राहवलं नाही. "खोटं शे ते साहेब! रातभर टावेल चावतस. तुमना मान ठेवाकरता बरं शे सांगतस."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "खरं, हिलालभाऊ?"

"माफी करा साहेब," हिलाल मान खाली घालून म्हणाला. गोळी कामी आली नाही म्हणून मरणारा माणूस माफी मागत होता!

डॉक्टरांनी इंजेक्शन मागवलं.

"डाक्टरना समोर मन्ही लाज काढी तू," बाहेर आल्यावर हिलाल म्हणाला.

पुढे गावातला कंपाउंडर रोज येऊन इंजेक्शन देई. हिलालचे शेवटचे दिवस शांत गेले. तो झोपला, शेजाऱ्यांशी त्याने कापसाच्या भावाच्या गप्पा मारल्या, एकदा तो हसलाही. धुरपदाबाईशी मात्र शेवटपर्यंत एक शब्द बोलला नाही. तिने भरवलेला घास तेवढा मुकाट्याने खायचा.