नात्याची आण

आंसुमाना सांबूला गोड बोलता येत नसे, आणि म्हणूनच त्याला निवडणूक जिंकायची आशा होती. तो जोला जमातीचा, किनाऱ्यावर मासळीला धुरी देणारी म्बायांग सार सेरेर जमातीची. जोला आणि सेरेर यांचं जन्मजात थट्टेचं नातं. भेटले की एकमेकांना शिव्या घालायच्या, आणि जो रागावेल त्याचीच गावात शोभा व्हायची. शिवाय या नात्याची आण घालून एकाने काही मागितलं, तर दुसऱ्याला नाही म्हणायची सोय नाही.

तेव्हा आंसुमाना रोज सकाळी तिच्या शेडपाशी हजर.

"काय गं माझे गुलामे, अजून मरायचं नाव नाही?"

"तुला पुरल्याशिवाय? भातचोरा! माशांना हात लावू नकोस."

धुरातल्या बायका पोट धरून हसायच्या. मग तो खाली बसून कामाचं बोलायचा. कौन्सिलात निवडून आलो तर इथे बर्फघर बांधून घेईन, म्हणायचा. विरोधकाने शेडला नवं छप्पर कबूल केलं होतं. म्बायांगचं काही ठरत नव्हतं, आणि ती जाईल तिकडे शेडमधल्या वीस बायका जाणार होत्या. पण परवा तिने विचारलं, "बर्फघराची किल्ली कुणाकडे राहणार?" आंसुमानाला वाटलं, काम फत्ते.

तेवढ्यात पक्षाने शहरातून तुमानी जैते नावाचा वक्ता धाडला. हा ना जोला, ना सेरेर. गडी दोन सकाळी शेडपाशी उभा राहिला, शिव्या ऐकल्या, हशा ऐकला, आणि या गावाला शिव्याच लागतात असं त्याने ठरवून टाकलं. शहाण्याला नातं काही दिसलं नाही. सभेत माइक हातात येताच तो सुटला.

"छपराच्या नादी लागलेल्या त्या उवा आहेत, उवा! नखावर घ्या आणि चिरडा!"

कार्यकर्ते नाचले. ते तसेही यांनाच मत देणार होते. ज्यांचं अजून ठरलं नव्हतं ती माणसं मात्र मागे सरकली. म्बायांगचा धाकटा भाऊ छपरवाल्यांचा झेंडा घेऊन हिंडायचा. ती उठली, आपलं स्टूल उचललं आणि चालू लागली. तिच्यामागे वीस स्टुलं उठली.

दुसऱ्या दिवशी आंसुमाना शेडपाशी आला तर म्बायांगने त्याच्यासाठी फडक्याने बाकडं पुसलं. "या भाऊ. घरचे बरे आहेत ना?"

आंसुमाना बसलाच नाही. चाळीस वर्षांत ती त्याच्याशी इतक्या आदराने कधी बोलली नव्हती.

"आण घाल की तिला!" एव्हाना कुणाकडून तरी नात्याची गोष्ट कळलेला तुमानी म्हणाला. "द्यावंच लागेल मत. एका वाक्यात एकवीस मतं!"

खरंच होतं ते. आंसुमानाने दुपारच्या बसमध्ये तुमानीला बॅगेसकट बसवलं आणि तो पुन्हा शेडकडे गेला.

"तुझा भाऊ ऊ नाही," तो म्हणाला. "म्हणणाऱ्याला घालवून दिलाय. आता नात्याची आण घालून तुझ्याकडे एक मागतो."

बायकांचे हात थांबले. म्बायांगचा चेहरा दगड झाला. "माग."

"मला शिवी घाल."

ती बघतच राहिली. मग डोळे पुसत, धुराला नावं ठेवत म्हणाली, "चालता हो, भातचोरा! तोंड बघवत नाही तुझं."

आंसुमानाला इतकं बरं वाटलं की निवडणूक आहे हेच तो घटकाभर विसरला.

मतदानाच्या दिवशी गावात सायकली बंद, कारण इथे मत म्हणून उमेदवाराच्या पिंपात गोटी टाकतात, आणि ती पडली की आत सायकलीसारखीच घंटी वाजते. आंसुमाना आंब्याखाली बसून ऐकत होता. म्बायांग आडोशामागे गेली. टिंग. पाठोपाठ वीस वेळा टिंग. दोन्ही पिंपांचा आवाज सारखाच, त्यातून काय कळणार?

तिथेच गोट्या मोजल्या. आंसुमाना चौदा गोट्यांनी निवडून आला. लोकांनी खांद्यावर घेतलं तरी तो उतरून आधी शेडकडे धावला.

म्बायांग मासळी उलटत होती. तिने मान वर न करता हात पुढे केला.

"किल्ली माझ्याकडे राहील. चोराच्या हातात मी बर्फसुद्धा देणार नाही."