निसणा

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, ती कामशेतहून लोकलनं माझ्याकडं लोणावळ्याला आली होती. पिशवीत दोन दुधी, फडक्यात गुंडाळलेला धार लावायचा दगडी निसणा आणि महिनाभर माझ्यासाठी साठवलेलं बोलणं. तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर तिनं पाणीसुद्धा मागितलं नाही.

"विळी कुटंय?"

मी विळी तिच्यापुढं जमिनीवर ठेवली. लोखंड आमच्याकडं हातातून हातात देत नाहीत. भांडण होतं म्हणतात. आम्हा दोघींना त्याशिवायही जमायचं.

तिनं पात्यावर आडवा अंगठा फिरवला. मग पातं उजेडाकडं वळवून बराच वेळ बघत बसली.

"येवढी पुस्तकं वाचलीस सुषे, त्यात विळी कशी सांबाळायची त्ये कुनी लिवलं न्हाई?"

"यायचं नसेल तर येऊ नकोस."

"फोन क्येलास म्हून आले. न्हाईतर हितं कोन येतंय?" अंगठा पुन्हा त्याच जागी गेला. "हितंच चरं पडल्यात, बाकीचं पातं चांगलं हाय. भाजीनं अशी मोडत न्हाई धार. पाट्यावर घासतीस का काय?"

"नाही. काहीतरीच बोलू नकोस."

ती एक गुडघा उभा करून बसली, निसणा ओला केला आणि पात्याच्या बुडापासून टोकापर्यंत, एकाच दिशेनं ओढू लागली. धार चढली की लोखंडाची बारीक कड पलीकडच्या अंगाला उलटते. ती तिनं दोन हलके हात फिरवून काढली. पातं पुसलं, तेलाचं बोट फिरवलं.

"चिरून झालं की धुवायची आन् लगीच कोरडी करायची. बेसिनात भिजत टाकायची न्हाई. मशीनवाल्याकडं तर न्हेऊच नको, तापवून पात्याचा जीव घालवत्यात. किती डाव सांगू?"

"ऐकलंय मी."

"ऐकलं असतंस तर मला जिनं चडाय लागलं नसतं."

चहा अर्धा ठेवून ती गेली. मी खाली सोडायला गेले नाही.

बुधवारी सकाळी अंगणात कापणीच्या विळ्यांना धार लावता लावता ती कलंडली. पाच विळे झाले होते, तीन राहिले होते.

तेराव्याच्या सकाळी कामशेतच्या घरात बायका स्वयंपाकाला बसल्या होत्या. सारिकावहिनी, माझ्या भावाची बायको, लाल भोपळा चिरत होती. बारा दिवस पाहुण्यांचं रांधून विळी थकली होती. फोड मध्येच अडकली.

"धार ग्येली," वहिनी म्हणाली. "लावनारी बी ग्येली. लोनावळ्याचं जिनं चडून."

"सारके, आज नको," धोंडाबाई मावशी म्हणाली. ती आईची धाकटी बहीण.

"का नको? सत्तरीची बाई, मावशी. दर म्हयन्याला ह्या वन्संचा फोन. विळी ग्येली, विळी ग्येली. येवढ्या शिकल्या, पर विळीला धार लावता येत न्हाई. मंगळवारी घरी आल्यापास्नं छाती धरून बसल्या हुत्या."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"मला का नाही कळवलं?"

"कळवून काय, विळी घिऊन आला असता?"

कुणीतरी हसू दाबलं. दारात उभ्या असलेल्या राजेंद्रकडं, माझ्या भावाकडं, मी पाहिलं. तो चौकटीला टेकून म्हणाला, "ती खोटं बोलत न्हाई, सुषे."

निसणा खिडकीत होता. मधोमध खोलगट झालेला, अजून त्याच फडक्यावर.

"जाताना तो निसणा मी नेणार आहे," मी म्हटलं.

"कशाला? मसाला वाटाय?"

आता बायका उघड हसल्या. वहिनी उठली, निसणा माझ्यापुढं आदळला आणि विळी सरळ माझ्या हातात दिली.

"न्या की. आदी हितं लावून दावा. सव्वाशे मानूस जेवायचं हाय."

"हातात नको गं दिऊ," मावशी म्हणाली. "भांडान व्हतंय."

"आता काय व्हायचं राह्यलंय?"

मी एक गुडघा उभा करून बसले. निसणा ओला केला. त्याच्या खळग्यात पातं आपोआप बसलं. बुडापासून टोकापर्यंत, एकाच दिशेनं. कुणी मला शिकवलं नव्हतं. वीस वर्षं, दर महिन्याला, त्या हातांसमोर बसून होते, एवढंच. पहिली काही वर्षं खरंच येत नव्हतं.

हसणं थांबलं. पलीकडची कड मी दोन हलके हात फिरवून काढली, पातं पुसलं, विळी जमिनीवर ठेवून पुढं सरकवली. वहिनीनं अडकलेली फोड पात्यावर धरली. भोपळा आवाज न करता उतरला.

मावशीनं अंगठा आडवा फिरवून पाहिला आणि माझ्याकडं न बघता हात मागं घेतला.

"म्हंजी तुमाला येतंय," वहिनी सावकाश म्हणाली. "कवापास्नं?"

"बरीच वर्षं झाली."

"आन् तरी दाताड वासून फोन करत हुतीस? येतंय तर म्हातारीला जिनं कशाला चडवलंस?"

वीस वर्षांत ती माझ्याशी पहिल्यांदाच एकेरीत बोलली होती, आणि ती बरोबर होती. राजेंद्र चौकटीपासून सुटून आत आला. सगळ्या जणी माझ्याकडं बघत होत्या. विळी हळूहळू बोथट झाली, मला वेळ नसतो, हाताला जमत नाही, यातलं काहीही चाललं असतं. आईपुढं तर एका शब्दात भागलं होतं.

मी निसणा फडक्यात गुंडाळायला घेतला. त्याच्या खळग्यात अजून पाणी होतं.

"व्हय, आई," मी म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "पाट्यावर घासत होते. दर वेळी, फोन करायच्या आधी. धार असती तर तू आली नसतीस."