देविदासच्या तहानेचा तुकडा

मित्रांनो, मी सिनेमाचा एक जुना प्रोजेक्टर आहे. नाक मुरडू नका! आज माझ्या पाठीवर कोंबड्या बसतात, पण एके काळी मी पेटलो की आखाडा बाळापूरचा अख्खा बाजार आमच्या तंबूत शिरायचा.

माझा मालक पुंजाजी, कळमनुरीचा. नव्वदनंतरची कितीतरी वर्षं आम्ही गावोगाव फिरलो. पुंजाजीचा माझ्यावर फार जीव. रोज माझं भिंग मऊ फडक्याने पुसायचा. पण त्याला एक खोड होती. खेळ लांबला की रिळातलं एखादं गाणं कातरीने उडवायचा आणि तुकडे लेकरांना वाटायचा. लेकरं ते उन्हाला धरून बघायची. त्यामुळे पंचक्रोशीत त्याचं नावच 'कातऱ्या' पडलं होतं.

जवळच्या तांड्यावर भावसिंग आणि पारुबाई राहायचे. त्यांचा देविदास मुकादमाबरोबर नेपाळच्या डोंगरात सडकेच्या कामाला गेला. तिथे जुन्या लढाईवरचा सिनेमा बनत होता. गर्दीला माणसं कमी पडली म्हणून देविदासला शिपायाचे कपडे चढवले. किल्ल्यातलं पाणी संपतं आणि तहानेने एक शिपाई मरतो, तोच हा. सुट्टीत घरी आल्यावर तो आईला म्हणाला, "मरताना आईला हाक मारायची होती. माझ्या तोंडून 'याडी'च निघालं बघ!" तांड्यावर आईला याडी म्हणतात. पुढच्या खेपेला तो गेला आणि कामावर दरड कोसळली. प्रेतसुद्धा हाती लागलं नाही. घरात त्याचा एक फोटोही नव्हता.

भावसिंग दर बाजाराला पुंजाजीकडे यायचा. "भाऊ, तेवढा शिनिमा आणा. लेकराच्या आठवणीनं बायको वेडी होऊन राहिली. एकदा तोंड दाखवा तिला त्याचं."

पुंजाजीने बरीच खटपट करून नांदेडच्या एजंटाकडून त्या सिनेमाची हिंदीत केलेली रिळांची पेटी मिळवली. खेळाला सगळा तांडा आला. पारुबाई ठेवणीतला घागरा घालून पडद्यापुढे बसली. तिच्या हातात पाण्याने भरलेला तांब्या होता.

"पाणी काहून आणलं, काकी?" पुंजाजीने विचारलं.

"लेकरू तहानलेलं हाय ना माझं," ती म्हणाली.

मी जीव तोडून उजेड पाडला. तोफा धडधडल्या, किल्ल्यातले हंडे रिकामे झाले. आता देविदास येणार! आणि पडद्यावर एकदम विजयाचे झेंडे नाचायला लागले.

"कातऱ्यानं कापलं!" तंबूत एकच गिल्ला झाला.

"आईची आण, या खेपेला मी कातरी लावलीच न्हाई!" पुंजाजी हात जोडून सांगत होता. "तिकडं नेपाळच्या फौजेच्या साहेबांनी एक तुकडा काढायला लावला म्हणून एजंट बोलला व्हता. शिपाई तहानेनं रडत मरतो, हे दाखवू नका म्हणले. नेमकं त्याच तुकड्यात तुमचं पोरगं असंल हे मला काय ठाऊक?"

"फौजेला काय करायचंय माझ्या पोराचं? तुजी कातरी समद्यांना ठाऊक हाय!" भावसिंग ओरडला, आणि त्याची काठी माझ्या भिंगावर बसली.

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! पण आमच्या संन्याशाच्या हातातही कातरी होतीच ना. मग त्याचं कोण ऐकणार?

पारुबाई भरलेला तांब्या तसाच घेऊन घरी गेली. सकाळी ती रिकाम्या तंबूत आली. मातीत पडलेले जुने तुकडे वेचून एकेक उन्हाला धरून बघत बसली. त्यात नाचणाऱ्या बाया होत्या, मोटारी होत्या. देविदास नव्हता.

पुंजाजीने पुन्हा खेळ लावला नाही. माझं भिंगही बदललं नाही. मी त्याच्या कोंबड्यांच्या खोपीत पडून आहे.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. हातात कातरी आली, तर आधी तो तुकडा उजेडात धरून बघा. त्यात कुणाचं तरी लेकरू असतं. मी पडद्यावर कितीतरी राजे दाखवले, पण एका आईला तिचं पोर दाखवू शकलो नाही. ते दुःख माझ्या काचा फुटण्याहून मोठं आहे.

पारुबाई अजून बाजाराच्या दिवशी येते. माझ्या फुटक्या भिंगापुढे तांब्या ठेवते, "पी रं बाबा," म्हणते आणि जाते. मग कोंबड्या माझ्या पाठीवरून उतरतात आणि ते पाणी पिऊन टाकतात.